लोकल, ओला रस्ता आणि घाटाची उतरण: बल नेमकं काय करतं?

दादर सोडलेली फास्ट लोकल कुर्ल्याकडे निघाली की पहिलं पाऊण-एक मिनिट मोटारींचा आवाज चढत जातो आणि मग एकदम थांबतो. मोटरमनने मोटारींची वीज तोडलेली असते. गाडी मात्र धावतच राहते, आणि डब्यातल्या कुणालाही काही वेगळं जाणवत नाही. रेल्वेत याला कोस्टिंग म्हणतात. दोन स्टेशनांमधलं बरंचसं अंतर लोकल अशीच, मोटारी बंद ठेवून कापते.

शाळेत न्यूटनचे तीन नियम पाठ केलेल्या माणसालाही मनातून वाटत असतं की वस्तू चालती ठेवायची तर बल लावत राहिलं पाहिजे. न्यूटनने 1687 साली नेमकं उलट लिहून ठेवलं: बल गती टिकवत नाही, बल गती बदलतं. बाहेरून बल लागलं नाही तर थांबलेली वस्तू थांबलेली राहते आणि धावणारी वस्तू त्याच वेगाने सरळ रेषेत धावत राहते. आपल्याला हे खोटं वाटतं, कारण घरातलं कपाट ढकलणं थांबवलं की कपाट थांबतं. पण त्याला फरशीचं घर्षण थांबवतं, आणि घर्षण हेही एक बलच आहे.

लोकलच्या बाबतीत आकडे मांडून बघू. गर्दीच्या वेळची बारा डब्यांची गाडी माणसांसकट 800 टनांची धरू. पोलादी चाक पोलादी रुळावर लोळताना होणारा विरोध फार थोडा असतो, वजनाच्या हजारात एक-दोन भाग. म्हणजे सपाट रुळावर ही गाडी नुसती चालती ठेवायला साधारण 1.6 टन वजनाइतकं बल पुरतं. वेग वाढल्यावर त्यात हवेच्या विरोधाची भर पडते, तरी आकडा काही टनांतच राहतो. आता तीच गाडी स्टेशनातून सुटताना दर सेकंदाला अर्धा मीटर प्रति सेकंद या दराने वेग वाढवायचा असेल, तर न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण: 8,00,000 किलो गुणिले 0.5, म्हणजे 4,00,000 न्यूटन. एक किलो वजन साधारण दहा न्यूटनांचं, त्यामुळे हे झालं 40 टनांचं बल. चालतं ठेवायला काही टन आणि वेग बदलायला 40 टन. मोटारी सगळ्यात जास्त राबतात त्या सुटताना, आणि ब्रेक राबतात थांबताना. मधला प्रवास जवळजवळ फुकटात होतो.

उभं कसं राहावं

गाडी सुटली की माणसं मागे कलतात आणि ब्रेक लागला की पुढे. मागून किंवा पुढून कुणी ढकललेलं नसतं. ब्रेक लागतो तेव्हा पायाखालची फरशी मंदावते, बुटांच्या घर्षणामुळे पायही मंदावतात, पण कमरेपासून वरच्या शरीराला मंद करणारं काहीच नसतं. ते आधीच्याच वेगाने पुढे जात राहतं. याच गुणाला जडत्व म्हणतात. ज्याचं वस्तुमान जास्त त्याचं जडत्व जास्त.

किती कललं की तोल जातो, याचा हिशेब सोपा आहे. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण एक मीटरवर, बेंबीच्या आसपास असतो. लोकल नेहमीच्या थांब्यासाठी दर सेकंदाला सुमारे 0.8 मीटर प्रति सेकंद या दराने वेग कमी करत असेल, तर हे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या (9.8) बाराव्या भागाइतकं आहे. तेव्हा शरीराचा भार जणू आठ सेंटिमीटर पुढे सरकतो. गाडीच्या दिशेला तोंड करून पाय जोडून उभं राहिलं तर घोट्यापुढे पावलाची दहा-बारा सेंटिमीटरचीच जागा उरते, म्हणजे तोल जेमतेम सावरतो. तेच दाराकडे तोंड करून, म्हणजे गाडीच्या दिशेला आडवं, पावलांमध्ये हातभर अंतर ठेवून उभं राहिलं की दोन्ही बाजूंना वीस सेंटिमीटरपेक्षा जास्त जागा मिळते. कडी न धरता आरामात फोन बघत उभी असलेली माणसं बघा, ती बहुतेक अशीच उभी असतात.

बसमध्ये ही युक्ती पुरत नाही. रबरी टायरची डांबरावरची पकड पोलादापेक्षा पुष्कळ चांगली, त्यामुळे बस तीन-चारपट जोराने थांबू शकते. पुढे अचानक रिक्षा आली आणि ड्रायव्हरने दर सेकंदाला तीन मीटर प्रति सेकंद या दराने ब्रेक मारला, तर भार तीस सेंटिमीटर सरकतो. एवढी फाकलेली पावलं ठेवून बसमध्ये कुणी उभं राहत नाही. बसमध्ये दांडा धरायचाच, आणि तो खांद्याच्या किंवा डोक्याच्या उंचीवर धरायचा, कारण वर धरलेला हात शरीराच्या वरच्या भागाला थेट मंद करतो. कमरेच्या पातळीवर सीटची कड धरली की हाताला जास्त जोर लावावा लागतो.

आणखी एक गोष्ट रोज होते, पण फारसं कुणी ती निरखत नाही. गाडी पूर्ण थांबते त्या क्षणी सगळा डबा एकदम मागे झुकतो. ब्रेक चालू असताना आपण नकळत मागे रेललेले असतो, पुढे जाऊ पाहणारं शरीर सावरण्यासाठी. गाडी थांबली की मंदावणं एकदम संपतं आणि आपलं रेलणं तेवढं उरतं. म्हणजे माणसाला धक्का बसतो तो वेगामुळे नाही, आणि बऱ्याचदा त्वरणामुळेही नाही, तर त्वरण अचानक बदलल्यामुळे. निष्णात मोटरमन किंवा बसचालक शेवटच्या दोन-तीन मीटरांत ब्रेक थोडा सैल करतो तो यासाठीच. गाडी हळूच टेकते आणि कुणी हलत नाही. चालकाचा हात किती तयार आहे हे ओळखायला याहून चांगली खूण नाही.

लालबाग-परळच्या टॉवरांमधल्या लिफ्टमध्ये हेच उभ्या दिशेने होतं. साठ किलोच्या माणसाने वजनकाट्यावर उभं राहून वर जाणारी लिफ्ट सुरू केली, तर सुरुवातीचे एक-दोन सेकंद काटा 66 दाखवेल (त्वरण दर सेकंदाला एक मीटर प्रति सेकंद धरून), मधला सगळा वेळ 60, आणि वरच्या मजल्यावर थांबताना 54. वस्तुमान तेवढंच असतं. लिफ्टची फरशी पायांना किती जोराने वर रेटते, ते काटा मोजतो. लिफ्ट कितीही वेगवान असली तरी वेग स्थिर असेपर्यंत पोटात काही होत नाही.

रूळ ओलांडणाऱ्याचं गणित

पोलादावर पोलाद कमी विरोधाने लोळतं म्हणून लोकल स्वस्तात धावते. तिचं थांबणं अवघड होतं ते याच गुणामुळे. चाक आणि रूळ यांची पकड मर्यादित आहे, आणि पाऊस, गंज, तेल, पालापाचोळा यांनी ती आणखी घटते. पकडीपेक्षा जास्त जोराने ब्रेक लावला तर चाकं जाम होऊन रुळावर घसरतात आणि गाडी उलट उशिरा थांबते.

90 किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला 25 मीटर. थांबायला लागणारं अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले मंदावण्याच्या दराची दुप्पट. इमर्जन्सी ब्रेकने वेग सेकंदाला एक मीटर प्रति सेकंद या दराने कमी होतो असं धरलं, तर 625 भागिले 2, म्हणजे 312 मीटर. बारा डब्यांची लोकल साधारण 250 मीटर लांब असते. म्हणजे मोटरमनने रुळावर माणूस पाहून त्याच क्षणी ब्रेक मारला तरी गाडी स्वतःच्या लांबीपेक्षा जास्त पुढे जाऊन थांबणार. स्टीअरिंग नसल्यामुळे चुकवण्याचा प्रश्नच नाही. इतक्या अंतरावरचा माणूस मोटरमनला ठिपक्याएवढा दिसतो, आणि वळणावर किंवा पुलाखाली तेवढा तरी दिसेल याचीही खात्री नाही.

ओलांडणाऱ्याची फसगत वेगळ्या कारणाने होते. समोरून सरळ आपल्याकडे येणारी वस्तू बाजूला सरकताना दिसत नाही, नुसती मोठी होताना दिसते, आणि हे मोठं होणं सुरुवातीला फार हळू असतं. 300 मीटरवरची गाडी 200 मीटरवर येईपर्यंत चार सेकंद जातात, तरी ती डोळ्याला जेमतेम दीडपट मोठी दिसते. पुढच्या आठ सेकंदांत ती अंगावर आलेली असते. त्यात शेजारच्या ट्रॅकवरच्या गाडीचा आवाज मिसळला की कान उपयोगाचे राहत नाहीत. पादचारी पूल गाठायला लागणारी पाच मिनिटं या आकड्यांसमोर ठेवून बघावीत.

चालत्या गाडीतून उतरणाऱ्याचंही तसंच. गाडी ताशी 15 किलोमीटर वेगात असेल तर शरीर सेकंदाला चार मीटरपेक्षा जास्त वेगाने पुढे चाललेलं असतं. पाऊल प्लॅटफॉर्मला टेकलं की घर्षण पावलाला तिथेच धरतं आणि वरचं शरीर पुढे जातं. मग पायांना लगेच त्याच दिशेने, त्याच वेगाने धावायला लागावं लागतं, आणि भरलेल्या प्लॅटफॉर्मवर धावायला जागा नसते. गाडी थांबल्यावर उतरणं हा एकच उपाय आहे.

जाता जाता ब्रेकबद्दल. 800 टनांच्या गाडीत 90 किलोमीटर वेगाला सुमारे 250 मेगाज्यूल गतिज ऊर्जा साठलेली असते, म्हणजे जवळपास 70 युनिट वीज. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या घराला ती तीन आठवडे पुरेल. फक्त घर्षणाचे ब्रेक लावले तर ही सगळी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. आताच्या लोकलमध्ये ब्रेक लावताना मोटारीच जनित्रासारख्या चालतात आणि यातली काही वीज ओव्हरहेड वायरीत परत जाते, तीच दुसरी एखादी गाडी वापरते.

जूनमधला रस्ता

घर्षण म्हटलं की अडथळा आठवतो. पण घर्षण नसेल तर माणसाला एक पाऊलही टाकता येणार नाही. चालताना आपण पायाने जमिनीला मागे रेटतो आणि जमीन आपल्याला तेवढ्याच बलाने पुढे रेटते, हा न्यूटनचा तिसरा नियम. शेवाळलेल्या फरशीवर पाय मागे सटकतो, कारण जमिनीला रेटताच येत नाही. गाडीचंही असंच आहे: इंजिन फक्त चाक फिरवतं, पुढे रेटतो तो रस्ता. ब्रेक चाकाला थांबवतो, पण गाडीला थांबवतो रस्ताच. चारही टायर मिळून रस्त्याला टेकलेली जागा चार तळहातांएवढी, आणि सगळा कारभार तेवढ्या जागेवर चालतो.

ही पकड एका आकड्याने मोजतात, त्याला घर्षणांक म्हणतात. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरचा घर्षणांक सुमारे 0.7, ओल्या रस्त्यावर 0.4 च्या आसपास. पहिल्या सरीच्या वेळी तो 0.3 पर्यंतही उतरू शकतो, कारण महिनोन्‌महिने रस्त्यावर साचलेलं तेल, टायरच्या रबराची भुकटी आणि धूळ यांचा पातळ चिखल होतो. तासभर जोराचा पाऊस झाला की तो वाहून जातो आणि पकड थोडी सुधारते. म्हणून पावसाळ्यातली सर्वांत वाईट वेळ म्हणजे पहिल्या पावसाची पहिली पंधरा-वीस मिनिटं, आणि नंतरही चार-पाच दिवसांच्या उघडिपीनंतर येणारी पहिली सर.

आता अंतर काढू. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध माणसालाही एक सेकंद लागतो. ताशी 40 च्या वेगात त्या सेकंदात गाडी 11 मीटर जाते. पुढे ब्रेकने थांबायला कोरड्यावर 9 मीटर, ओल्यावर 16, पहिल्या सरीत 21. म्हणजे एकूण 20, 27 आणि 32 मीटर. ताशी 60 ला पहिल्या सेकंदातच 17 मीटर जातात, आणि एकूण अंतर होतं 37, 52 आणि 64 मीटर. शेवटचा आकडा पाच बस एकामागे एक उभ्या केल्याएवढा आहे. वेग दीडपट झाला की ब्रेकचं अंतर सव्वादोनपट होतं, दुप्पट झाला की चौपट, कारण हिशेबात वेगाचा वर्ग येतो. अटल सेतूवर मोटारींना 100 ची मुभा आहे, तिथे कोरड्या रस्त्यावरही 84 मीटर लागतात.

या हिशेबात गाडीचं वजन कुठेच आलं नाही, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आलं असेल. वजन वाढलं की रस्त्यावरचा दाब वाढतो, म्हणून घर्षणही तेवढंच वाढतं, पण थांबवायचं वस्तुमानही तेवढंच वाढलेलं असतं. दोन्ही एकमेकांना छेदतात. भरलेला ट्रक प्रत्यक्षात उशिरा थांबतो, त्याचं कारण ब्रेकची आणि टायरची क्षमता अपुरी पडणं हे आहे.

चाक फिरत असताना टायरचा रस्त्याला टेकलेला भाग त्या क्षणी रस्त्याच्या तुलनेत स्थिर असतो. चाक जाम होऊन घसरायला लागलं की पकड कमी होते आणि स्टीअरिंगचं ऐकणं बंद होतं. एबीएस ही ब्रेकमधली यंत्रणा सेकंदाला अनेकदा ब्रेक सोडून-धरून चाक फिरतं ठेवते. एबीएस असलेल्या गाडीत ब्रेक पूर्ण दाबून धरायचा, पेडल थरथरलं तरी सोडायचा नाही. एबीएस नसेल तर चाक घसरतंय असं जाणवताच दाब किंचित कमी करून पुन्हा द्यायचा.

दुचाकीवाल्यांना पुढचा ब्रेक दाबायची भीती वाटते. पण थांबताना भार पुढच्या चाकावर सरकतो. चाकांमधलं अंतर 1.3 मीटर, गुरुत्वमध्य 65 सेंटिमीटर उंचीवर आणि ब्रेक गुरुत्वाच्या निम्म्या जोराचा धरला, तर एकूण वजनाचा पाव हिस्सा मागून पुढे जातो. उभ्या गाडीवर पुढे 45 टक्के भार असेल तर ब्रेक लागल्यावर 70 टक्के होतो. मागचं चाक हलकं पडतं, आणि एकटा मागचा ब्रेक दाबणाऱ्याची गाडी मागून सटकते. कोरड्या रस्त्यावर थांबवण्याचं मुख्य काम पुढचाच ब्रेक करतो. ओल्यावर दोन्ही एकत्र आणि हळूहळू वाढवत दाबायचे, कारण भार पुढे सरकायला क्षणभर वेळ लागतो. त्याआधीच पुढचा ब्रेक झटक्यात आवळला तर पुढचं चाक जाम होतं, आणि पुढचं चाक घसरलं की गाडी सावरत नाही.

वळणावर आणखी एक मागणी वाढते. वळणं म्हणजे दिशा बदलणं, आणि दिशा बदलायलाही बल लागतं. हे बलसुद्धा टायरच्या पकडीतूनच येतं. फ्लायओव्हरवरून उतरतानाचं वळण 30 मीटर त्रिज्येचं धरा. त्यासाठी लागणारं त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या: ताशी 30 ला 2.3, ताशी 36 ला 3.3, ताशी 40 ला 4.1. ओल्या रस्त्याची एकूण पकड 0.4 गुणिले 9.8, म्हणजे 3.9. सपाट वळण असेल तर 39 च्या पुढे गाडी बाहेर फेकली जाणारच, चालवणारा कितीही कुशल असो. आणि 36 च्या वेगात वळत असताना ब्रेक दाबला तर त्याच्यासाठी निम्मीच पकड शिल्लक असते. ब्रेक वळणाआधी सरळ रेषेत लावून संपवायचा आणि मगच वळायचं, या सल्ल्यामागे हेच गणित आहे.

मुंबईच्या रस्त्यांवर काही जागा अशा आहेत जिथे पकड अचानक गळते: गटाराची लोखंडी झाकणं, फ्लायओव्हरच्या सांध्यांवरच्या पट्ट्या, झेब्रा क्रॉसिंगचा जाड रंग, गुळगुळीत झालेले पेव्हर ब्लॉक, मेट्रोच्या कामाजवळ अंथरलेले पत्रे. यांवरून दुचाकी नेताना हँडल सरळ, ब्रेक सुटलेला आणि थ्रॉटल स्थिर ठेवावा. टायरच्या खाचा पाणी बाजूला सारण्यासाठी असतात. त्या झिजल्या की पाण्याला निघायला वाट राहत नाही, आणि साचलेल्या पाण्यात वेगाने शिरलेलं चाक पाण्याच्या थरावर तरंगायला लागतं. मोटारीच्या टायरमध्ये खाचांच्या तळाशी 1.6 मिलिमीटर उंचीचे छोटे उंचवटे असतात. खाच झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर बदलायचा, पावसाळ्यासाठी तर त्याआधीच.

थांबणं कशावर, किती अंतरात

सहा मीटर, म्हणजे वीस फुटांवरून पडणारा गोविंदा जमिनीला टेकताना ताशी 39 किलोमीटर वेगात असतो. हा वेग कुठेतरी शून्य व्हायलाच हवा. प्रश्न फक्त किती अंतरात. सरासरी बल काढायचं तर पडण्याची उंची भागिले थांबण्याचं अंतर, त्यात एक मिळवायचा, आणि उत्तराला वजनाने गुणायचं. काँक्रीटवर शरीर पाच सेंटिमीटरमध्ये थांबलं तर वजनाच्या 121 पट बल. चाळीस किलोच्या पोरासाठी ते जवळपास पाच टन होतं. तीस सेंटिमीटर दबणारी गादी असेल तर 21 पट, म्हणजे 840 किलो. हाडं मोडू शकतात, पण जीव वाचण्याची शक्यता खूप वाढते. खाली उभ्या गोविंदांचे वर केलेले हात हेच करतात: अंतर वाढवतात.

वरून बांधलेली सेफ्टी दोरी सगळ्यात चांगली, कारण ती वेग तयारच होऊ देत नाही. पण त्यासाठी दोरी सतत ताणलेली हवी. ती दोन-तीन मीटर ढिली असेल तर तेवढं पडून मग एकदम झटका बसतो, आणि न ताणणारी दोरी तो झटका काही सेंटिमीटरमध्ये देते. दोरी धरणाऱ्याचं एकच काम: पोर जसजसं वर चढेल तसतशी ढील ओढून घेणं. त्याने मध्ये मोबाइल हातात घेऊ नये. नुसता कमरेचा पट्टा झटक्याचा सगळा भार पोटावर आणि कण्यावर टाकतो. मांड्या आणि खांदे धरणारा पूर्ण हार्नेस तो वाटून देतो.

सीटबेल्टचं गणित हेच. ताशी 50 ला गाडी समोर आदळली, बॉनेट चेपलं आणि बेल्ट थोडा ताणला, असं मिळून माणूस 70 सेंटिमीटरमध्ये थांबतो. बल वजनाच्या 14 पट, साठ किलोच्या माणसावर 840 किलो. बेल्ट ते छातीच्या आणि कमरेच्या हाडांवर पसरवतो. बेल्ट नसेल तर गाडी थांबली तरी माणूस 50 च्याच वेगात पुढे जातो आणि डॅशबोर्डवर दहा सेंटिमीटरमध्ये थांबतो. तिथे बल शंभरपटीच्या घरात जातं. मागच्या सीटवरच्या बिनबेल्टच्या माणसालाही हाच नियम लागू आहे, फक्त तो पुढच्या सीटवरच्या माणसावर आदळतो. मांडीवर धरलेलं दहा किलोचं बाळ बेल्ट लावलेल्या आईच्या हातातही त्या क्षणी 140 किलोचं होतं. कुणाच्याही हातांना ते धरवणार नाही. बाळासाठी बेल्टने बांधलेली चाइल्ड सीटच लागते.

हेल्मेटमध्ये जीव वाचवणारा भाग आतला थर्माकोलसारखा फोम. बाहेरचं कवच मार पसरवतं, फोम चेपून थांबण्याचं अंतर देतो. उभ्या स्कूटरवरून नुसतं कोलमडून डोकं दीड मीटरवरून रस्त्यावर आपटलं तरी वेग ताशी वीसच्या जवळ असतो. फोम अडीच सेंटिमीटर चेपला तर डोक्यावर त्याच्या वजनाच्या साधारण 60 पट बल येतं. हेल्मेट नसेल आणि तीन मिलिमीटरमध्ये थांबावं लागलं तर 500 पट. एकदा चेपलेला फोम परत फुगत नाही, म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदलावं. पट्टा न लावलेलं हेल्मेट पहिल्या धक्क्यातच जडत्वाने उडून जातं.

घाट उतरताना

मुंबईहून पुण्याला जाताना गाडी बोरघाट चढते तेव्हा इंजिन घामाघूम होतं. परतीच्या उतरणीवर खरी परीक्षा ब्रेकची. वीस टनांचा ट्रक 400 मीटर खाली उतरला की 78 मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. ती सगळी ब्रेकमध्ये गेली, ब्रेक ड्रमांचं मिळून 300 किलो लोखंड धरलं आणि मधली थंड होण्याची संधी सोडून दिली, तर ड्रम साडेपाचशे अंशांहून अधिक तापतील. प्रत्यक्षात वाऱ्याने काही उष्णता निघून जाते, तरी ब्रेक लायनिंगची, म्हणजे ड्रमाला आतून घासणाऱ्या थराची, पकड याच्या बऱ्याच आधी सुटायला लागते. तापलेला ड्रम प्रसरण पावून लायनिंगपासून दूरही सरतो. ड्रायव्हर दाब वाढवत जातो आणि गाडी मंदावत नाही.

डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्या गाडीचं हेच होतं. गिअरमध्ये असताना पाय एक्सिलरेटरवरून काढला की चाकांना इंजिन फिरवावं लागतं, आणि त्यात बरीचशी ऊर्जा खर्च होते. न्यूट्रलमध्ये तो सगळा भार एकट्या ब्रेकवर पडतो. डिझेलही वाचत नाही: आताच्या इंजिनांत गिअरमध्ये उतरताना इंधन बंदच होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागत राहतं. घाट ज्या गिअरमध्ये चढावा लागेल त्याच गिअरमध्ये उतरायचा, आणि तो गिअर उतार सुरू होण्याआधी टाकायचा, कारण भरल्या ट्रकने वेग घेतल्यावर खालचा गिअर पडत नाही. ब्रेक सतत घासत ठेवायचा नाही. वेग वाढला की ठाम दाबून कमी करायचा आणि पूर्ण सोडायचा, म्हणजे मधल्या वेळात ड्रमाला वारा लागतो.

मोटारीलाही हेच लागू. जळका वास आला किंवा पेडल मऊ लागायला लागलं, तर गिअर आणखी खाली आणून सुरक्षित जागी थांबावं आणि अर्धा तास तरी चाकं निवू द्यावीत. गाडी सपाट जागी गिअरमध्ये घालून चाकांना दगड लावावेत, कारण तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक ओढून ठेवला तर तो थंड होताना चिकटतो किंवा सैल पडतो. चाकांवर पाणी मात्र ओतू नये. लालसर तापलेलं बिडाचं लोखंड एकदम थंड झालं की तडकतं.